विश्लेषण: पेशीत कोलेस्टेरॉल हातोहात कसे पोहोचते? ही साखळी तुटली की काय होते?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) सप्टेंबर २०२४ मध्ये ‘निमन-पिक टाइप सी’ या दुर्मीळ आजारावरील दोन औषधांना चार दिवसांच्या अंतराने मंजुरी दिली. त्याआधी अमेरिकेत या आजारावर एकही मंजूर औषध नव्हते. पेशीतील मेदवाहक प्रथिनांचे काम बिघडल्याने हा आजार होतो.

मेदाला वाहक कशासाठी?

पेशीच्या आतील द्रव मुख्यतः पाण्याचा असतो आणि कोलेस्टेरॉल पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यामुळे ते उचलून नेणारी प्रथिने लागतात. या प्रथिनांत मेदाचा रेणू बसेल अशी खोबण असते.

प्रथिने एकमेकांशी कशी जोडलेली असतात?

रक्तातील ‘एलडीएल’ कणांसोबत आलेले कोलेस्टेरॉल पेशीतील लायसोसोम या पिशवीत सुटे होते. तिथे ‘एनपीसी-२’ हे प्रथिन त्याला उचलते आणि पिशवीच्या पटलातील ‘एनपीसी-१’कडे सोपवते. एनपीसी-२ रेणूची शेपटी आत धरते, तर एनपीसी-१ त्याचे डोके. म्हणून रेणू मध्ये पाण्यात न सुटता थेट हातोहात जातो.

पुढील प्रवासासाठी वाहक वेगळे असतात. उदाहरणार्थ, ‘ओएसबीपी’ हे प्रथिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून कोलेस्टेरॉल गॉल्जीकडे नेते आणि परतताना ‘पीआय४पी’ हा दुसरा मेद आणते. तिथे त्याचे विघटन होत राहते, म्हणून ही देवाणघेवाण चालू राहते.

साखळी तुटली तर?

एनपीसी-१ किंवा एनपीसी-२ यांपैकी एकाच्या जनुकात दोष असला, तरी कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये अडकते. म्हणजे पेशीत साठा भरपूर, पण गरजेच्या जागी तुटवडा. सुमारे ९५ टक्के रुग्णांत दोष एनपीसी-१चा असतो. यकृत आणि प्लीहा वाढते, नजर वर-खाली फिरवणे कठीण होते, तोल जातो, गिळताना त्रास होतो आणि स्मृती व आकलन खालावते. एफडीएच्या माहितीनुसार रुग्ण सरासरी १३ वर्षेच जगतात.

नवी औषधे काय करतात?

‘अ‍ॅरिमोक्लोमॉल’ हे औषध दोन वर्षांवरील रुग्णांना ‘मिग्लुस्टॅट’सोबत दिले जाते. दुसरे ‘लेव्हॅसेटिललुसिन’ किमान १५ किलो वजनाच्या रुग्णांसाठी आहे. दोन्ही औषधे चेतासंस्थेच्या लक्षणांसाठी आहेत. मात्र दोषी जनुक दुरुस्त करणे हे त्यांचे काम नाही.

पुढे काय?

एका प्रथिनाच्या जागी दुसरे बसवून भागत नाही, कारण प्रत्येकाची पकड, जागा आणि जोडीदार ठरलेले असतात. म्हणूनच कोणते प्रथिन कोणता मेद कोणाकडून घेते आणि कोणाला देते, याचा पूर्ण नकाशा तयार होणे महत्त्वाचे आहे. लक्षणांवरील उपचारांकडून मूळ दोषावरील उपचारांकडे जाताना त्याचा आधार लागेल.