भाडोत्री पराक्रमाचे आकर्षण

फ्रान्सच्या ‘फॉरेन लीजन’विषयी आपल्याकडे बरेच भारावून बोलले जाते. १८३१ साली स्थापन झालेले हे दल परकीयांना भरती करते, नवे नाव देते आणि पाच वर्षांच्या करारावर नवा जन्म देऊ करते. मोह मोठाच आहे. पण त्याला निव्वळ साहस मानणाऱ्यांनी आपलेच एक प्रकरण पुन्हा वाचावे.

महादजी शिंद्यांनी सॅव्हॉयच्या डिबॉईनकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या. वर फिरंगी अधिकारी, खाली बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातले शिपाई. १७९० साली पाटण व मेडता येथे या कंपूने विजय मिळवले. आपले काही लेखक डिबॉईनच्या शिस्तीवर इतके लुब्ध असतात की पौड-मुठा खोऱ्यांतला मावळा त्यांना कालबाह्य वाटतो. उलट पक्षाचे लेखक साऱ्याच अनर्थांचे खापर ‘परक्या गारद्यां’वर फोडतात. दोन्ही मते सारखीच उथळ आहेत.

इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर शेवटपर्यंत लढला आणि कैदेत मारला गेला. १७७३ साली नारायणरावांवर तलवार गारद्यांची चालली खरी. ‘ध’चा ‘मा’ कुणी केला हा वाद सोडला तरी कटाचे मूळ पेशव्यांच्या घरातच होते, आणि रामशास्त्र्यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. आणि १८०३? इंग्रजांचा जाहीरनामा निघताच शिंद्यांच्या चाकरीतले अनेक इंग्रज अधिकारी निघून गेले. सरदार पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मागे उरलेले कित्येक गोलंदाज २३ सप्टेंबरला असईच्या रणात तोफांपाशीच मेले. डिबॉईनच्या स्मरणार्थ शांबेरी गावात हत्तींचे कारंजे उभे आहे. त्या गोलंदाजांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

तेव्हा प्रश्न शौर्याचा नाही, स्वकीय-परकीयाचाही नाही. निघून जाण्याची मुभा कुणाला आणि मरण्याची सक्ती कुणावर, एवढाच तो प्रश्न आहे. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेले काही भारतीय तरुण युक्रेनच्या आघाडीवर मारले गेले, तेव्हाही तो तोच होता.

याच मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पां. म. बापट ‘सेनापती’ ठरले ते पगारी फौजेमुळे नव्हे, स्वतःच्या शेतासाठी उभ्या राहिलेल्या मावळ्यांमुळे. ते हरले, जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे उरलेल्या कित्येक जमिनी बंगल्यांखाली व वसाहतींखाली गेल्या. आज तिथला एखादा मुलगा परक्या झेंड्याकडे आशेने पाहत असेल, तर त्याला देशभक्तीचे प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पायाखालची जमीन गेलेल्या माणसालाच दुसऱ्याचे निशाण आपले वाटू लागते. लीजनच्या पराक्रमकथा रंगवणाऱ्यांनी आधी या जमिनीचा हिशेब मांडावा.