नागपाड्याचे अब्बास मुंतसिर

परवा मगरिबनंतर आपांच्या घरी बसलो होतो. बाहेर रत्नागिरीचा पाऊस कोसळत होता आणि भाचा पडवीत चेंडू आपटत होता. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तो गार्ड आहे. बारावी झाली की मुंबईला शिकायचे आणि तिथेच खेळायचे, असा त्याचा हट्ट. दुल्हाभाईंची उमर आखातात नोकरी करण्यात गेली. ते म्हणाले, "टोपलीत चेंडू टाकून कुणाचं घर चाललंय?" आपांनी आमच्याकडे पाहिले. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही.

गार्ड म्हणजे टोपली राखणारा, अशी आमची समजूत होती. ती चूक निघाली. मिरकरवाड्याच्या होडीवर जसा तांडेल, तसा संघात हा गार्ड. चेंडू पुढे न्यायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचे आणि बहुतेक वेळा चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

दुल्हाभाईंच्या प्रश्नावर विचार करताना आम्हाला गुलाम अब्बास मुंतसिर आठवले. हे नागपाड्याचे. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांचे नातेवाईक त्या भागात राहतात, पण आपल्या पोरांना हे नाव माहीत नसते, याचे वाईट वाटते. मुंतसिर भारताच्या संघाचे कर्णधार झाले आणि 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्कार सुरू झाला 1961 साली. तोवर बास्केटबॉलमध्ये तो फक्त चौघांना मिळाला होता. त्या काळी लांबून मारलेल्या चेंडूचे तीन गुण मिळत नसत, तो आंतरराष्ट्रीय नियम 1984 चा.

दाट वस्तीच्या नागपाड्यात हा खेळ रुजला कसा? 1891 साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगून तो सुरू केला. पुढे 1926 साली अमेरिकन मराठी मिशनने नागपाड्यात नेबरहूड हाऊस काढले. त्याचे प्रमुख डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट. तिथल्या कामातूनच 1936 साली समाजकार्याचे ते शिक्षण सुरू झाले, जे आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देशभर नावाजलेले आहे. तिथल्या पदवीधरांना हा इतिहास ठाऊक असतो, पण मोहल्ल्याच्या लेखी नेबरहूड हाऊस म्हणजे बास्केटबॉल. नागपाड्यात बच्चू खान यांच्या नावाचे महापालिकेचे मैदानही आहे आणि तेही याच खेळासाठी ओळखले जाते.

आता घर चालवण्याचे. मुंतसिर खेळत तेव्हा आपल्या देशात पैसे देणारी लीग नव्हती. रेल्वे, सैन्यदले, पोलीस, बँका यांचे संघ असत. खेळाडूला नोकरी मिळे आणि पगार त्या नोकरीचा असे. 2015 साली एक लीग निघाली, तीही दोन-तीन वर्षांत थंडावली. तेव्हा दुल्हाभाईंचा हिशेब खोटा नाही.

जिथे पैसा आहे तिथेही भरवसा कुठे आहे? भाच्याच्या भिंतीवर महमूद अब्दुल-रऊफ यांचे चित्र आहे. अमेरिकेतला हा गार्ड, उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या खेळात बुटकाच. 1991 साली त्यांनी इस्लाम स्वीकारला. 1993-94 च्या हंगामात त्यांनी 229 पैकी 219 फ्री थ्रो टोपलीत टाकले. मार्च 1996 मध्ये राष्ट्रगीताला उभे न राहण्यावरून त्यांना निलंबित केले. उभे राहून दुआ करण्यावर तडजोड झाली, पण त्याच वर्षी संघाने त्यांना दुसरीकडे दिले. 2001 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या लीगमधली त्यांची कारकीर्द संपली. पुढे ते परदेशी संघांतून खेळत राहिले.

हे सगळे आम्ही घरात सांगितले. भाच्याला मुंतसिर आवडले, दुल्हाभाईंना नोकरीची गोष्ट. ठरले ते एवढेच की प्रवेश कॉमर्सला घ्यायचा आणि अर्ज भरण्याआधी बापलेकाने एक संध्याकाळ नागपाड्याला जाऊन पोरांचा सराव पाहायचा. दुल्हाभाईंनी रेल्वेची दोन तिकिटे काढायला सांगितली.

तेवढ्यात नववीतली भाची दारातून म्हणाली, "आणि मी?" रोज पडवीत भावाला चेंडू परत फेकणारी तीच. इतका वेळ तिचा विषय कुणी काढला नव्हता. आम्हीही नाही, हे कबूल करतो. दुल्हाभाई क्षणभर थांबले, मग म्हणाले, "तीन काढा."