आधी पंखा बंद करा

25 ऑगस्टला नेत्रदान पंधरवडा सुरू होतो आणि 8 सप्टेंबरला संपतो. या दिवसांत शाळेची मुलं डोळ्यांना काळ्या पट्ट्या बांधून फेरी काढतात. चौकात फ्लेक्स लागतो; त्यावर दोन डोळे असतात आणि त्या डोळ्यांहून मोठा नगरसेवकाचा फोटो. गणपती त्याच सुमाराला आले तर एखादं मंडळ देखावाही करतं. संकल्पपत्रांचे गठ्ठे भरून होतात, गठ्ठ्यांसोबत फोटो निघतो, आणि जनजागृती झाली असं आपण धरून चालतो. माझा या सगळ्याला विरोध नाही, फक्त याचा उपयोग फार थोडा आहे. चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाच्या कानात घातलेली ही माहिती आहे. आणि 'मी साधा माणूस, माझ्या सांगण्यानं काय होणार' म्हणून जो बाजूला उभा राहतो, नेमकं त्याच्याच हातात हे काम आहे.

आता यावर लोक काय म्हणतात ते बघू. लोक मोठ्यांचंच ऐकतात, हा त्यातला वजनदार मुद्दा. कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 रोजी वयाच्या 46व्या वर्षी गेला. त्याचे डोळे दिले गेले. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातल्या डॉक्टरांनी कॉर्नियाचे थर वेगळे करून दोन डोळ्यांतून चौघांना दृष्टी दिली आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाची लाट आली. सगळं खरं. पण त्या घराचा इतिहासही बघा. वडील राजकुमार 2006 साली गेले तेव्हा त्यांचे डोळे दिले होते, आई पार्वतम्मा 2017 साली गेल्या तेव्हा त्यांचेही. तिसऱ्यांदा वेळ आली तेव्हा काय करायचं हे त्या घराला माहीत होतं. लाट नटामुळे आली, पण डोळे मिळाले ते घरात रीत पडली होती म्हणून. आणि घरात रीत पाडायला नट लागत नाही.

दुसरा सल्ला तरुण मंडळींचा: व्हायरल करा. दाखला तयारच असतो. 2014च्या उन्हाळ्यात जगभर लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या आणि एएलएस या मज्जासंस्थेच्या असाध्य आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमले. थट्टा करणाऱ्यांनी थट्टा केली, पण पैसा जमला हे नाकारता येत नाही. मात्र तिथं पैसाच हवा होता, आणि पैसा आज नाही तर उद्या देता येतो. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. व्हिडिओ आवडल्याचा अंगठा कुणी मार्चमध्ये दिला आणि घरात माणूस गेलं नोव्हेंबरात, तर त्या अंगठ्याचं काय करायचं? कामाला काय हवंय, पैसा, मनुष्यबळ की वेळेवर केलेला एक फोन, हे न विचारता प्रचार सुरू करायचा, ही आपली जुनी खोड आहे.

संकल्पपत्राचं तर मला नवलच वाटतं. फॉर्म भरावा, जरूर भरावा. पण तो भरणारा माणूस हाच घरातला असा एकटा, जो ऐन वेळी फोन करू शकत नाही. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात हयातीत लिहून ठेवलेल्या संमतीला जागा आहे, तरी व्यवहारात घरचे नको म्हणाले तर नेत्रपेढीची माणसं डोळ्यांना हात लावत नाहीत. उलट, गेलेल्या माणसानं कुठलाही फॉर्म भरलेला नसताना जवळचे नातेवाईक होकार देऊ शकतात. हे दुसरं वाक्य किती जणांना ठाऊक असतं? 'त्यांनी फॉर्म भरला नव्हता ना' एवढ्यावर विषय मिटतो. आणि ज्यांनी भरलेला असतो त्यांचं कार्ड तेरावं उरकल्यावर, बँकेची पासबुकं शोधताना, कपाटातल्या पिशवीत सापडतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या रामायम्मा नेत्रपेढीनं हे लवकर ओळखलं. रुग्णालयात मृत्यू झाला की प्रशिक्षित समुपदेशक तिथल्या तिथे नातेवाइकांना भेटून विचारतो. तिथं विचारणं हाच प्रचार.

पण जे घरी जातात त्यांचं काय? घरात माणूस गेलं की पहिल्या तासात काय होतं ते आठवा. जिना चपलांनी भरतो. एकजण फोनवर असतो, कारण मुलगी पुण्याहून निघायची असते आणि धाकटा दुबईत. दुसरा डॉक्टरांचा दाखला आणायला गेलेला. तिसरा स्मशानात चौकशी करतो, चौथा मडकं-बांबूचं सामान आणायला पैसे मागतो. देह खाली घेतलेला, आणि वर पंखा पूर्ण वेगानं फिरत असतो, कारण खोलीत माणसं दाटलेली आहेत. त्या वाऱ्यानं बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडत जातो. आणि प्रत्यारोपणाला हवा असतो तो हाच, अख्खा डोळा नव्हे. पंखा बंद करायचा, पापण्या नीट मिटायच्या, वर पाण्यात भिजवलेला स्वच्छ कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करायचं आणि नेत्रपेढीला फोन लावायचा. पेढीची माणसं घरी येतात, पैसे घेत नाहीत. संमतीच्या कागदावर घरच्यांची आणि साक्षीदारांची सही होते, काम पंधरा-वीस मिनिटांत आटपतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. अंत्ययात्रा त्यासाठी खोळंबत नाही. दुबईवाल्यासाठी ती तशीही खोळंबलेली असते.

म्हणजे जागृती कुणाची करायची? गावात दहा हजार लोकांना नेत्रदान महान आहे हे पटलं, पण त्या खोलीत पंखा बंद करायला कुणी उठलं नाही, तर मिळकत शून्य. प्रत्येक आळीत मयतीच्या कामाला धावून जाणारा एक माणूस असतो. सामान कुठल्या दुकानात रात्री बारालाही मिळतं, शववाहिनीचा नंबर काय, गुरुजी कोण, सगळं त्याला पाठ असतं. दु:खाच्या घरात लोक त्याचं निमूट ऐकतात. त्याच्या मोबाइलमध्ये जवळच्या नेत्रपेढीचा नंबर घालून दिला तर दहा फ्लेक्सचं काम होतं. तसेच दाखला देणारे फॅमिली डॉक्टर, सोसायटीचे सचिव, सामानाच्या दुकानाचा मालक, आणि त्या घरी पिठलं-भात घेऊन जाणारी शेजारीण. यांच्याशी बोलायला माइक लागत नाही, परवानगी लागत नाही, वर्गणी तर नाहीच. भाषणाचा शौक असणाऱ्यांची थोडी निराशा होईल खरी.

बोलताना लोक हमखास विचारतात ते आपल्याला माहीत हवं. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब यांतलं काही आड येत नाही. वय ऐंशीच्या पुढे असलं तरी चालतं. रक्तगट जुळवावा लागत नाही, कारण कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. एड्स, रेबीज, कावीळ ब आणि क, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत डोळे घेत नाहीत. पण ते पेढी ठरवेल, आपण आधीच नकार देऊन मोकळं होऊ नये. आणि हेही सांगायचं की सगळ्या अंधांना याचा उपयोग नाही. दृष्टिपटल किंवा डोळ्याची नस गेली असेल तर कॉर्निया बदलून भागत नाही. उपयोग होतो तो, उदाहरणार्थ, उसाचं पातं डोळ्यात गेलं, घरगुती उपाय करण्यात दिवस गेले, जखम चिघळली आणि बुबुळावर फूल पडलं, अशा शेतमजुराला. जास्तीचं वचन देऊन मिळवलेला होकार मला मान्य नाही.

सज्जन मंडळींचा एक आक्षेप राहिला: दान या हाताचं त्या हाताला कळू नये. पैशाच्या दानाला हा नियम शोभतो, कारण तिथं घेणाऱ्याला ओशाळं वाटू शकतं. इथं घेणाऱ्याचं नाव दात्याच्या घरी कळवतच नाहीत, मग लाजायचं कुणी? आपल्याकडे लोक वर्तमानपत्र उघडून आधी निधनवार्ता बघतात. 'त्यांच्या पश्चात दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे' याच्या पुढे 'त्यांचं नेत्रदान करण्यात आलं' एवढी एक ओळ घातली तर त्या गेलेल्याच्या ओळखीचा प्रत्येक माणूस ती वाचतो. शोकसभेत बोलणाऱ्यानंही स्वभावाचं कौतुक आटोपून हे सांगावं. ही मिरवणूक म्हणायची असेल तर खुशाल म्हणा.

डोळे दिले तर पुढचा जन्म आंधळ्याचा येतो, हे सांगणारे अजून भेटतात. त्यांच्याशी शास्त्रार्थ करण्यापेक्षा श्रीलंकेची गोष्ट सांगावी. शिबी राजानं आपले डोळे दान केल्याची कथा बौद्ध जातकांत आहे, ती तिथं शतकानुशतकं सांगितली जात होती. तरी डोळे मिळायला लागले ते हडसन सिल्वा नावाच्या तरुणानं, वैद्यकाचं शिक्षण घेत असताना, 1958 साली वर्तमानपत्रातून आवाहन केलं त्यानंतर. 1961 साली त्यांनी संस्था काढली आणि पुढे त्या लहानशा बेटानं जगातल्या अनेक देशांना कॉर्निया पाठवले. कथा आपल्याकडेही कमी नाहीत. हाडं देणारा दधीची आपलाच. मागणारं कुणी नव्हतं.

मग मागायचं कसं? गेलेल्याच्या बायकोला किंवा आईला थेट विचारू नये. जावई, पुतण्या, मोठा भाचा, जो त्या क्षणी घर सांभाळतोय त्याला बाजूला घ्यावं. 'नेत्रदानाबद्दल आपलं मत काय' असलं सभेतलं वाक्य नको. 'काकांचे डोळे द्यायचे का? पेढीला मी फोन लावतो, तुम्ही फक्त सही करा,' इतकं पुरे. अभद्र वगैरे कुणी म्हणत नाही. फार तर 'जरा थांबा, ताईला विचारतो' असं उत्तर येतं. तोवर पंखा बंद करून घ्यावा. ताई नको म्हणाली तर पुन्हा शब्द काढू नये, पंखा लावावा आणि सामान आणायला कोण गेलंय ते बघावं.