ठोका चुकल्यानंतर

वरळीच्या टोकावर इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला एक लहानसा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी मुंबईच्या अतिशय जुन्या वस्त्यांपैकी एक असलेला वरळी कोळीवाडा वसलेला आहे. २००९ साली खुला झालेला सागरी सेतू त्याच्या समोरून समुद्रावरून जातो आणि मोटारीत बसलेला माणूस काही मिनिटांत वांद्र्याला पोहोचतो. परंतु कोळीवाड्याच्या आतल्या एखाद्या घरात कोणी एकाएकी कोसळले, तर त्याला गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत आणणे हाच सर्वांत लांबचा प्रवास ठरतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते, हे खरे. पण तिला गल्लीच्या तोंडाशीच थांबावे लागते. पुढे खुर्ची, चादर आणि शेजाऱ्यांचे बाहुबळ, एवढेच साधन उरते. परळचे के. ई. एम. रुग्णालय नकाशावर काही दूर नाही. नकाशा मात्र गल्ल्यांची रुंदी सांगत नाही.

हृदयाच्या बाबतीत काळाचा हिशेब फार निष्ठुर असतो. हृदयक्रिया अकस्मात बंद पडली, तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि विजेचा धक्का देऊन हृदय पूर्ववत चालू करण्यास होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी पहिला उपचार शेजाऱ्यानेच करावयाचा असतो. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहणे, एवढाच तो उपचार. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे ही पद्धत प्रथम मांडली गेली. तिला पदवी लागत नाही की औषध लागत नाही. असे असताना आपल्याकडे शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे साल पाठ असते, पण बापाची छाती कशी दाबावी हे ठाऊक नसते. महापालिकेच्या शाळांतून आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांतून हे शिक्षण देण्यास कोणत्या अर्थसंकल्पाची वाट पाहावयाची आहे? विजेचा धक्का देणारे स्वयंचलित यंत्र बंदरावर किंवा गोल्फादेवीच्या देवळाजवळ कुलूप न लावता ठेवणे, हीदेखील काही अशक्य गोष्ट नव्हे.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे, हृदयक्रिया थांबणे आणि हृदयाची गती अतिमंद होणे या तीन गोष्टी आपण ‘झटका’ या एकाच शब्दात कोंबतो. पेसमेकर लागतो तो मुख्यतः तिसऱ्या विकाराला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विद्युत-संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा होतो, ठोके मिनिटाला तीस-चाळीसवर येतात, मध्येच काही क्षण थांबतात आणि माणूस उभ्या उभ्या पडतो. घरचे लोक त्याला घेरी म्हणतात, फिट म्हणतात, उन्हाचा परिणाम म्हणतात आणि कांदा हुंगवून पुन्हा कामाला लावतात. जमिनीवर पडलेला एक वेळ उठेल. होडीच्या काठावर उभा असलेला खलाशी पडला, तर तो पाण्यात जातो. वारंवार येणाऱ्या घेरीसाठी एकदा हृदयाचा विद्युत-आलेख काढून घेणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय होय.

अशा रुग्णांचे भवितव्य ८ ऑक्टोबर १९५८ रोजी पालटले. स्टॉकहोमनजीकच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग या शल्यविशारदांनी रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केलेले यंत्र आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात बसविले. ते काही तासच चालले. परंतु लार्सन पुढे दोन डझनांहून अधिक यंत्रे बदलत २००१ पर्यंत, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत जगले. त्यांच्या अभियंत्याचे आणि शल्यविशारदाचे निधन त्यांच्याआधी झाले होते.

आजचे यंत्र काडेपेटीहूनही लहान असते. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीआड ते ठेवतात आणि त्याची तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडतात. हृदय आपणहून धडधडत असेल, तर ते गप्प राहते. ठोका चुकला की चिमूटभर वीज देते. ते बसविलेल्या माणसाने पहिले काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, असे डॉक्टर बजावतात. कार्यालयातील कारकुनास हे पाळणे सोपे आहे. जाळे ओढणाऱ्या नाखव्याने किंवा डोक्यावर मासळीची पाटी उचलणाऱ्या कोळणीने ते कसे पाळावे, याचा विचार मात्र घरच्यांनी व शेजाऱ्यांनी मिळून करावा लागतो. नंतरचे जीवन बरेचसे नेहमीसारखेच असते. भ्रमणध्वनी छातीवरच्या खिशात न ठेवणे, चालू वेल्डिंगपासून व मोठ्या चुंबकापासून दूर राहणे आणि यंत्राचे ओळखपत्र जवळ बाळगणे, एवढी पथ्ये पुरतात. ‘यंत्राचा माणूस’ म्हणून त्याला कायमचे घरी बसविणारी माया ही माया नव्हे. ती त्याची दुसरी व्याधी होय.

खरी अडचण वेगळीच आहे. यंत्रातील विद्युत्घट साधारणपणे आठ-बारा वर्षे टिकतो. मग सारे यंत्रच बदलावे लागते. पहिल्या वेळी दागिने मोडून, धर्मादाय निधीचे उंबरठे झिजवून पैसे उभे राहतात. दुसऱ्या वेळी मोडण्यास दागिने उरलेले नसतात आणि संकटही पहिल्याएवढे दिसत नाही. म्हणून तपासणी टळत राहते.

या संदर्भात वरळीहून माहीमच्या उपसागरापलीकडे घडलेल्या एका प्रयोगाकडे पाहिले पाहिजे. शिकागो परिसरात मृत व्यक्तींच्या शरीरातून, कुटुंबीयांच्या संमतीने, काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आले. त्याचा वृत्तान्त २०१२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी’त प्रसिद्ध झाला, जंतुसंसर्गाचा वा यंत्राच्या बिघाडाचा गंभीर प्रकार आढळला नव्हता. पुढे २०२० साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अशी पुन्हा वापरलेली यंत्रे बसविलेल्या एक हजाराहून अधिक रुग्णांची तुलना नवी यंत्रे बसविलेल्यांशी केली. दोन वर्षांत संसर्गाचे प्रमाण पहिल्या गटात दोन टक्के, तर दुसऱ्यात एक पूर्णांक दोन टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय ठरला नाही.

गरिबाला जुने आणि श्रीमंताला नवे, हा न्याय कोणता, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. नवे यंत्र देण्याची सरकारची जबाबदारी अशा दानाने संपत नाही. तथापि, जुने यंत्र आणि काहीच नाही यांतून निवड करावयाची असेल, तर रुग्णाला सारे समजावून सांगून त्यालाच निवडू देणे हे अधिक न्याय्य होय.

आपल्याकडे तर दहनाची चाल असल्याने यंत्र आधी काढणे भागच असते, कारण चितेच्या उष्णतेने विद्युत्घट फुटतो. शिकागोची यंत्रे सातासमुद्रापलीकडून मुंबईत आली; मुंबईत काढलेली यंत्रे कोठे जातात? परळच्या के. ई. एम.ने आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाने त्यांची नोंदवही ठेवावी, त्यांत किती विद्युत्घट शिल्लक आहे ते तपासावे आणि स्मशानातील नोंदीच्या वेळी नातेवाइकांना एक साधा प्रश्न विचारण्याची व्यवस्था महापालिकेने करावी. पुनर्वापराची परवानगी, तिच्या अटी आणि चुकीची जबाबदारी कोणाची, हे ठरविणारा स्पष्ट नियम केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने करून दिल्याखेरीज कोणताही सरकारी डॉक्टर या वाटेने पाऊल टाकणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.