मापले नाक, ठरविली लायकी!



न्यायालयात सामान्य साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की कायदा त्याला एकच गोष्ट विचारतो : तू स्वतः काय पाहिलेस? आरोपीच्या सदऱ्यावर तांबडा डाग पाहिला, ही साक्ष होय. तो डाग रक्ताचाच आणि म्हणून खून यानेच केला, हे अनुमान होय, साक्ष नव्हे. या दोहोंमधील रेषा पुसली गेली की निरपराध मनुष्य फासावर चढतो. शास्त्राच्या दरबारातही हाच नियम आहे. तो मोडला गेला तेव्हा एका माणसाला नव्हे, तर कोट्यवधींच्या समाजांना हीनत्वाची शिक्षा फर्माविण्यात आली.

१९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त सर हर्बर्ट रिस्ले यांनी निरनिराळ्या जातींतील लोकांची नाके मोजविली. रुंदीला उंचीने भागावे, शंभराने गुणावे. आकडा ७० च्या आत आला तर नाक बारीक, ८५ किंवा अधिक आला तर रुंद. येथवर झाले ते निरीक्षण. परंतु साहेब तेथे थांबले नाहीत. जातीचा दर्जा तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या उलट प्रमाणात असतो आणि जातिभेदाच्या मुळाशी वंशभेद आहे, असा निवाडाच त्यांनी देऊन टाकला. मोजण्याच्या यंत्राला नाक दिसते. वंश दिसत नाही, मग लायकी कोठून दिसणार?

हा निवाडा अपिलात टिकला नाही. डॉ. घुर्ये यांनी १९३२ साली तीच मापे पुन्हा तपासली, तेव्हा संयुक्त प्रांताबाहेर ते सूत्र लागू पडेना. पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिपक्षाचाच पुरावा प्रतिपक्षावर उलटविला. मानवमिती हे भरवशाचे शास्त्र मानायचे असेल, तर याच मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे त्यांनी दाखविले. यातील 'असेल, तर' हे शब्द विसरू नका. आपले अनुमान कोणत्या गृहीतावर उभे आहे हे उघड सांगणे, हीच शास्त्राची सचोटी होय.

आज नाकाची जागा जनुकाने घेतली आहे. "आमचे श्रेष्ठत्व रक्तातच आहे, विज्ञानानेच ते सिद्ध केले," असे म्हणणारे पुन्हा भेटतात. त्यांची उलटतपासणी घ्या. रक्ताच्या नमुन्यात जनुकांची अक्षरे वाचली, हे निरीक्षण. त्यांवरून भारतातील बहुतेक सर्व समाज सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले आणि बेटीबंदी त्यानंतर दृढ झाली, हे २०१३ साली संशोधकांनी काढलेले अनुमान. ते गणिताच्या आधाराने काढले आहे व कोणालाही तपासण्यास खुले आहे. मिश्रणाचे प्रमाण समाजासमाजांत कमी-अधिक आहे, हेही खरे. परंतु त्यावरून एक उच्च व दुसरा नीच ठरविणे हे निरीक्षण नव्हे, अनुमानही नव्हे. तो विज्ञानाचा झगा पांघरलेला जुनाच अहंकार होय!

अनुमान त्याज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यावाचून शास्त्र एक पाऊलही पुढे जाणार नाही. मात्र अनुमानाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरू नये. म्हणून आपल्या मुलामुलींना दोन प्रश्न विचारावयास शिकवा : प्रत्यक्ष काय पाहिले? आणि त्यावरून काय ठरविले, ते कशाच्या बळावर? ज्या घरात हे प्रश्न विचारले जातील, त्या घराला यापुढे कोणीही खोट्या पुराव्यावर हीन ठरवू शकणार नाही.