गाव शहरात गेलं, ग्रामसभा कुठं गेली?



'हद्दवाढ' हा शब्द आता आपल्या ऊसपट्ट्यातही नवा राहिलेला नाही. शहर वाढते आणि शेजारची गावे पोटात घेते. अशा वेळी गावाच्या हातून नेमके काय जाते, हे पाहायचे तर पनवेल तालुक्यातील तळोजाकडे पाहावे.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा तळोजा कुलाबा जिल्ह्यातले भातशेतीचे खेडे होते. 1970 साली सिडको स्थापन झाली, मागोमाग औद्योगिक वसाहत आली. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली. 1852 पासूनच्या जुन्या नगरपालिकेच्या क्षेत्राला तळोजे पाचनंद, तळोजे मजकूर, पेंधर, रोहिंजण, घोट आदी गावे जोडली गेली. ग्रामपंचायती संपल्या, पंचायत समितीशी असलेले नाते तुटले.

शहर आले की सोयी येतात, हे आम्ही नाकारत नाही. 2023 साली बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. पण गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर विचारायचं कुणाला? पूर्वी ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येत होतं. महापालिकेची पहिली निवडणूक 2017 साली झाली. 2022 साली मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची तीन वर्षे ना नगरसेवक, ना ग्रामसभा!

इंग्लंडातही असा बदल झाला आहे. तिथले 1894 च्या कायद्याने आलेले 'रूरल डिस्ट्रिक्ट', म्हणजे साधारण आपल्या पंचायत समितीसारखे ग्रामीण विभाग, 1 एप्रिल 1974 रोजी मोडले आणि मोठ्या जिल्ह्यांत मिसळले. पण खालचे पॅरिश तसेच राहिले. पॅरिश म्हणजे तिथला गाव. त्याचे अधिकार तुटपुंजेच, तरी मतदारांची वार्षिक सभा आजही भरते. वरची घडी बदलली, पण गावाला बोलायची जागा राहिली.

आपल्याकडे महापालिका कायद्यात 'क्षेत्रसभे'ची तरतूद आहे. ती कागदावर राहिली तर काय उपयोग? आमचे म्हणणे इतकेच, की गाव शहरात घ्यायचेच असेल, तर पहिल्याच वर्षापासून तिथे क्षेत्रसभा भरलीच पाहिजे. तीत कामांचा आणि घरपट्टीचा हिशेब लोकांपुढे मांडला पाहिजे.

एक सभासद, एक मत ही सहकाराची शिकवण. वार्षिक सभेत आपण चेअरमनसाहेबांना ताळेबंदाचा जाब विचारतो. गावच्या कारभाराला वेगळा न्याय कशाला? उद्या हद्दवाढीचा प्रस्ताव आपल्या दारी आला, तर रस्ते, नळ, दिवे जरूर मागा. पण आधी विचारा, आमची सभा कुठं भरणार?