आधी मीटर लावा, मग बोला

नव्या पिकअपची बॅटरी बसली की सर्व्हिस सेंटरमध्ये निदान होत नाही, आरोप होतो. बॉनेट उघडण्याआधीच काउंटरवरचा माणूस विचारतो, "काका, दिवा चालू राहिला होता का? गाडी उभी होती का?" म्हणजे चूक तुमची, हे ठरून गेलं. मग बॅटरी चार्जिंगला लागते. संध्याकाळी जॉबकार्डवर 'बॅटरी चार्ज करून दिली, गाडी ओके' असा शेरा मारून चावी हातात ठेवतात. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा त्याच दारात. याला मी कामचुकारपणा म्हणतो. वॉरंटीच्या काळात तर ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे.

माझ्या पुतण्याने पावसाळ्याच्या तोंडावर नवी पिकअप घेतली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशी गाठायची, हा त्याचा धंदा. गाडी रोज चालली की काही कुरकुर नसायची. बाजार बंद असला आणि ती दोन रात्री अंगणात उभी राहिली, की सेल्फ उचलायचा नाही. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायचे, रिले टकटक वाजायचा, इंजिन जागचं हलायचं नाही. माल उशिरा पोचला की सकाळचा भाव गेलेला असतो. शेतकरी एकदा समजून घेतो, पुढच्या खेपेला दुसऱ्याची गाडी बोलावतो. हप्त्याची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

गावातली जुनी माणसं म्हणायची, धक्का मारा, चालू होईल. जुन्या डिझेल गाड्यांना ते लागू होतं. इंजिन फिरलं की यांत्रिक पंप डिझेल ढकलायचा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांचं तसं नाही. तिथे डिझेल कधी आणि किती सोडायचं हे संगणक ठरवतो आणि त्या संगणकाला आधी वीज लागते. बॅटरी पार बसलेली असेल तर दहा माणसांनी ढकलूनही गाडी चालू होणार नाही. बॅटरीवरचं अवलंबित्व इतकं वाढवलं, तर तिचा दोष शोधण्याची जबाबदारीही तेवढीच वाढायला नको का?

पुतण्याला काय भोगावं लागलं ते ऐका. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बॅटरीची वॉरंटी आमची नाही, बॅटरी कंपनीची आहे, तिकडे जा. बॅटरीवाल्याने टेस्टर लावला. त्यातून बिलासारखी कागदाची पट्टी निघाली, तिच्यावर छापलं होतं 'गुड, रिचार्ज'. म्हणजे बॅटरी चांगली, फक्त रिकामी. ती पट्टी घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटर. तिथे पट्टीकडे ढुंकूनही न बघता उत्तर आलं, "मग प्रॉब्लेम काहीच नाही ना. गाडी रोज चालवत जा." चांगली बॅटरी आपोआप रिकामी होत नाही, कोणीतरी ती पितंय, हे त्या पट्टीने लेखी सांगितलं होतं. वाचायची तसदी कोणी घेतली नाही.

यात अवघड असं काही नाही. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी, गाडी काही तास बंद राहिल्यावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२ च्या खाली गेली तर रिकामी होत आलीच समजा. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. काही नव्या गाड्यांत संगणक तो वरखाली करतो, पण १२ च्या घरात तो अडकून राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याची वायरिंग तपासा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. तीसुद्धा जॉबकार्डवर नव्हती.

खरं काम त्यापुढचं. चावी काढलेली, दारं बंद, गाडी लॉक, अशा अवस्थेत बॅटरीतून किती करंट जातो ते मोजायचं. गाडीतले छोटे संगणक झोपायला अर्धा तास, कधी जास्तही घेतात; तेवढं थांबावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि टर्मिनलच्या मधे मीटर १० ॲम्पिअरच्या खोबणीत लावायचा. मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. सगळं झोपल्यावर चांगल्या गाडीत हा आकडा ५० मिलिॲम्पिअरच्या आत राहतो. घड्याळ, इमोबिलायझर, रिमोट लॉक यांना तेवढं लागतंच.

आळेफाट्याजवळच्या एका वायरमनने रस्त्याच्या कडेला, छत्री धरून, साध्या मीटरवर हे करून दाखवलं. आकडा ०.६ ॲम्पिअरवर येऊन थांबला आणि तिथून हलेना. मग तो फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढत गेला. म्युझिकचा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन ०.०३ वर आला. सीटखाली वाकून त्याने टॉर्च मारली. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमने स्वतः बसवलेल्या, पावती फाडून पैसे घेतलेल्या ॲम्प्लिफायरची चालू-बंदची वायर कायम चालू असलेल्या लाइनला पिळून जोडली होती, वर काळी टेप. चावी काढली तरी ॲम्प्लिफायर रात्रभर जागाच राहत होता.

आता हिशेब करा. ०.६ ॲम्पिअर म्हणजे चोवीस तासांत १४.४ ॲम्पिअर-अवर. ७५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी धरली, तर अडीच दिवसांत ती निम्म्यावर येते, आणि कामाच्या गाडीची बॅटरी उभी करताना पूर्ण भरलेली असतेच असं नाही. शिवाय अशी वारंवार खाली जाणारी बॅटरी आतून मरत जाते. प्लेटवर साचलेलं लेड सल्फेट वेळेत चार्ज झालं नाही तर कडक होतं आणि मग कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी ताकद येत नाही. जंपर लावून गाडी चालू केली आणि वीस मिनिटं फिरवली की बॅटरी भरली, हा गैरसमज सर्व्हिस सेंटरचेच लोक पसरवतात. बसलेली बॅटरी चार्जरवर तासन् तास ठेवावी लागते.

या वायरमनने घेतले ते पैसे एका क्रेटच्या भावापेक्षा जास्त नव्हते. ज्यांच्याकडे कंपनीने दिलेला स्कॅनर, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि वातानुकूलित वेटिंग रूम आहे, त्यांना हे जमलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते केलं नाही. कारण उघड आहे. करंट मोजायला गाडी तासभर बाजूला उभी करावी लागते आणि वॉरंटीतल्या त्या तासाचे पैसे गिऱ्हाइकाकडून मिळत नाहीत. चार्ज करून परत पाठवणं स्वस्त पडतं. नुकसान गाडीवाल्याच्या खात्यात जातं. दोष सापडल्यावरही शोरूमची तऱ्हा बघा: आधी म्हणाले, "हे बाहेरचं फिटिंग आहे, वॉरंटीत बसत नाही." त्यांच्याच शिक्क्याची पावती समोर ठेवली तेव्हा गप्प बसले.

प्रत्येक वेळी दोष वायरिंगचाच असतो असा माझा दावा नाही. कधी टर्मिनलचा क्लॅम्प ढिला असतो किंवा बॉडीला जाणारी अर्थची पट्टी नीट कसलेली नसते. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ टकटकतो. कधी गाडी विक्रीआधी यार्डात महिनोन् महिने उन्हात उभी असते, बॅटरी तिथेच अर्धमेली होते आणि डिलिव्हरीच्या दिवशी चार्ज करून, हार घालून ती 'नवी' म्हणून दिली जाते. आरसी बुकात गाडी कधी बनली तो महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. आणि हो, कधी ड्रायव्हरकडून केबिनचा दिवाही चालू राहतो. तसं असेल तर तेही मीटरच दाखवील: करंट ठीक, बॅटरी ठीक, मग चूक आमची. मोजून सांगितलं तर कोण नाही म्हणेल? न मोजता सांगितलेलं मी का मानावं?

गाडीवाल्यांना आणखी एक धाक घातला जातो : ही धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही, ग्राहक आयोगात जाताच येणार नाही. हे धादांत खोटं आहे. स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो वापर व्यापारी धरला जात नाही, असं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला आणि स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो असं सांगितलं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी २०० रुपये. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. तिथे नोंद झाली की काउंटरवरची भाषा बदलते.

पण आयोगापुढे कागद बोलतो, आणि सर्व्हिस सेंटर कागदावर काहीच येऊ देत नाही. म्हणून नवी गाडी ताब्यात घेतानाच बॅटरीचे व्होल्ट मोजून डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्या, १२.४ च्या खाली असेल तर तशी गाडी घेऊ नका. शोरूमने बसवलेल्या प्रत्येक जादा वस्तूची वेगळी पावती मागा. बॅटरी बसली तर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा : 'गाडी दोन रात्री उभी राहिल्यावर चालू होत नाही.' आणि परत घेताना उभ्या गाडीचा करंट किती आला, तो आकडा मागा. आकडा न लिहिता कोणी 'गाडी ओके' असा शेरा मारला, तर त्या जॉबकार्डवर सही करू नका.